स्निपिंग टूल, गेम बार, शेअरएक्स की ओबीएस?

विंडोजवर स्क्रीन टिपायला हे चार पर्याय फुकटात मिळतात, तेव्हा विकतच्या सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी ते तपासून घ्यावेत. आधी दोन गोष्टी ठरवा: चित्र हवंय की व्हिडिओ, आणि व्हिडिओ असेल तर किती लांबीचा.

अधूनमधून एखादा स्क्रीनशॉट लागत असेल तर विंडोज + शिफ्ट + एस दाबून स्निपिंग टूल उघडा. बाकी काही टाकू नका. मेन्यू उघडलेल्या स्थितीत टिपायचा असेल तर ३, ५ किंवा १० सेकंदांचा विलंब लावता येतो. विंडोज ११ मध्ये याच टूलमध्ये व्हिडिओही होतो. मात्र चौकट आधी आखावी लागते आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर ती हलत नाही. मध्येच दुसरी खिडकी बाहेरच्या भागात उघडली की ती व्हिडिओत येत नाही. वेबकॅमही नाही. पाच-दहा मिनिटांत काहीतरी करून दाखवायला एवढं पुरतं.

शेअरएक्स दिवसभर स्क्रीनशॉट काढणाऱ्यांसाठी: सॉफ्टवेअर तपासणारे, मॅन्युअल लिहिणारे. बाण, क्रमांक, धूसर पट्टी, ठरलेल्या नावाने आपोआप सेव्ह, सगळं एका जागी. स्क्रोल करत लांब पान टिपण्याची सोयही आहे, पण वर चिकटून राहणारी पट्टी असलेल्या पानांवर जोड बऱ्याचदा फसतो. दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बघा. प्रिंट स्क्रीनचं बटण विंडोज ११ ने स्निपिंग टूलला दिलेलं असेल तर ते सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे बंद करा. आणि ‘कॅप्चरनंतरची कामं’ या यादीत अपलोडवर खूण असेल तर काढा, नाहीतर ऑफिसचा कागद परक्या सर्व्हरवर जायचा.

गेम बार (विंडोज + जी) नावाप्रमाणे गेमसाठीच ठीक. तो एका वेळी एकाच ॲपची खिडकी टिपतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्स्प्लोरर टिपतच नाही. शिकवण्याच्या व्हिडिओसाठी हा पर्याय सोडून द्या.

तासाभराचं लेक्चर, सोबत कॅमेरा, माइक आणि संगणकाचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, असं हवं असेल तर ओबीएस स्टुडिओशिवाय गत्यंतर नाही. तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. शिकायला एक संध्याकाळ जाते, आणि नवख्यांचे घोळही ठरलेले असतात. स्क्रीन काळी दिसली तर दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये ओबीएसला वीज वाचवणारी चिप द्या. (नेटफ्लिक्सची खिडकी काळी येते ती कॉपी-संरक्षणामुळे, तो बिघाड नव्हे.) रेकॉर्डिंग साध्या एमपी४ मध्ये करू नका. मधेच वीज गेली तर पूर्ण फाइल उघडेनाशी होते. एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारात तोवरचा भाग शाबूत राहतो, आणि ‘रीमक्स’ (चित्र-आवाज तसेच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलणं) करून त्याची एमपी४ मिनिटभरात होते. एन्कोडरवर (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागावर) ताण आल्याची सूचना आली तर सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम ठेवा आणि प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपचा एन्कोडर निवडा.

अक्षरं पुसट दिसणं ही सर्वांत मोठी तक्रार, आणि देवनागरीत ती जास्त बोचते, कारण आधी अनुस्वार आणि रफार विरघळतात. बहुतेक वेळा कारण एकच: स्क्रीन १९२० × १०८० ची असते आणि ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये आउटपुट १२८० × ७२० वर राहिलेलं असतं. दोन्ही आकडे सारखे करा. तरीही निळ्यावरची लाल अक्षरं फुटलीच, तर स्लाइडचे रंग बदला. नेहमीच्या व्हिडिओत रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो, म्हणून काळ्यावर पांढरं तेवढं बिघडत नाही.

जागेचा हिशेब सोपा आहे: बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट साठवायचे ते) २,५०० केबीपीएस असेल तर तासाला साधारण १.१ जीबी, ६,००० ला २.७ जीबी. जुना पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसणारच नाही; आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्याने आतलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवून.