जुनी पद्मिनी आणि मॉडेल: सूर्यास्तानंतरचं आकाश की सॉफ्टबॉक्स?
रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर जुन्या प्रीमियर पद्मिनीसोबत ग्लॅमर शूट करायचं तर गाडीला लाइट आकाशाचाच द्या असं माझं ठाम मत आहे, कारण सूर्य समुद्रात बुडाला की पश्चिमेचं अख्खं आकाश एकच भलामोठा लाइट होतं आणि बोनेटवर सलग उजळ पट्टा उमटतो, बॉडीची गोलाई कळते ती त्याच्यामुळेच. सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशवर लावायचा लाइट मऊ करणारा कापडी डबा, एवढा मोठा कुठून आणणार? क्रोमच्या बंपरमध्ये त्याचा सरळ पांढरा चौकोन दिसतो, आणि पोलरायझर (लेन्सवरचा चमक कमी करणारा फिल्टर) फिरवला तरी तो जात नाही, कारण क्रोम हा धातू. काचेवरचं रिफ्लेक्शन मात्र मस्त कमी होतं.

पण चेहऱ्याचं काय? मॉडेलने समुद्राकडे पाठ केली की डोळ्यांत अंधार, तिथे सॉफ्टबॉक्सच हवा. गाडीत त्याचं रिफ्लेक्शन दिसणार नाही असा बाजूला, चेहऱ्याजवळ लावा, शटर साधारण १/२०० सेकंद किंवा त्याहून स्लो ठेवा, म्हणजे आकाश शटरने सांभाळता येतं आणि चेहरा फ्लॅशच्या पॉवरने. आकाश मिळतं जेमतेम वीसेक मिनिटं, म्हणून फ्लॅशची टेस्ट आधीच उरकून घ्या. आणि स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधाच, खाडीवरचा वारा आला तर सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो आणि थेट गाडीच्या पेंटवर आपटतो.