फोल्डस्कोप: डबक्यातल्या आदिजीवांसाठी जरूर घ्या, दह्यातल्या जिवाणूंसाठी नको

फोल्डस्कोप म्हणजे छापील शीटला घड्या घालून जोडायचा एकाच भिंगाचा स्वस्त सूक्ष्मदर्शक. तो घेण्याआधी शिक्षक आणि पालक हमखास विचारतात, ‘यातून जिवाणू दिसतील का?’ नेहमीच्या संचातलं भिंग वस्तू १४० पट मोठी दाखवतं आणि २ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळ असलेले दोन ठिपके त्याला वेगळे दाखवता येत नाहीत. दह्यातला लॅक्टोबॅसिलस लांबीला काही मायक्रॉन असला तरी जाडीला अर्धा-पाऊण मायक्रॉनच असतो, आणि त्याच्या शेजारचा स्ट्रेप्टोकॉकस एका मायक्रॉनच्याही आत. म्हणजे दह्याचा थेंब लावून बसलात तर धुरकट कणी दिसेल, जिवाणूचा आकार दिसणार नाही. पॅरामेशियम हा एकपेशीय आदिजीव मात्र २०० ते ३०० मायक्रॉन लांब. तो या भिंगाखाली अंगाच्या हालचालींसकट दिसतो. आदिजीव पाहायचे असतील तर इतक्या कमी पैशांत याच्या तोडीचं दुसरं साधन नाही.

गोंधळ होतो तो २००० पट या आकड्यामुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश, जिम सिबुल्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात वेगवेगळ्या भिंगांच्या नमुन्यांची मापं होती. त्यातलं सर्वात तीव्र भिंग २००० पटींच्या वर जात होतं. विक्रीच्या साध्या संचात ते भिंग नसतं. जाहिरातीत जुना आकडा दिसला तर आपल्या संचातलं भिंग किती पटीचं आहे ते विचारूनच पैसे द्या.

एकच भिंग असणं हा मात्र कमीपणा नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूकचे सूक्ष्मदर्शक एकाच भिंगाचे होते, आणि १६७६ साली मिरी भिजवलेल्या पाण्यातले जिवाणू त्याने त्यातूनच पाहिले. उट्रेख्टला जपलेलं त्याचं एक भिंग सुमारे २७० पटीचं आहे. फोल्डस्कोपचं भिंग त्याच्या निम्म्या ताकदीचं आहे, इतकाच फरक.

आता जोडणी. छापील शीट कागदासारखी दिसते, पण ती न फाटणारी आणि पाण्याला दाद न देणारी आहे. तुकडे सोडवून रेघांवर नखाने नीट घडी घातली तर पहिल्या वेळी अर्धा तास लागतो. घडी ढिली राहिली की भिंग आणि प्रकाशाचं छिद्र एका रेषेत येत नाही, आणि मग चित्राच्या एका बाजूला काळी चंद्रकोर दिसते. अशा वेळी भिंगाला दोष देऊ नका, घड्या पुन्हा दाबा. भिंगाला बोट लावू नका. लागलंच तर पाण्यात भिजवलेल्या मऊ कापसाने हलकेच पुसा.

सर्वाधिक वेळा चुकते ती काचपट्टीची बाजू. या गोळीभिंगाचा फोकस त्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येतो. थेंबावर ठेवायची आच्छादक काच साधारण ०.१७ मिलिमीटर जाडीची असते, तर काचपट्टी १ मिलिमीटरची. आच्छादक काच भिंगाकडे, म्हणजे डोळ्याच्या बाजूला असेल तरच चित्र स्पष्ट होतं. पट्टी उलटी घातली तर मधे १ मिलिमीटर काच येते आणि कितीही सरकवलं तरी धुकंच दिसतं. ‘आमचा फोल्डस्कोप खराब निघाला’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं.

यंत्र डोळ्याला अगदी टेकवून धरावं, पापणी लागेल इतकं. समोर ट्यूबलाइट किंवा खिडकीतलं उजळ आभाळ. सूर्याकडे कधीही धरू नये, आणि मुलांना हे जोडणीच्या आधीच सांगावं. चित्राचा मधला भाग लख्ख असतो आणि कडा वळलेल्या, फिकट असतात. गोळीभिंगाचा तो स्वभावच आहे.

मोबाइल चुंबकी कडीने जोडता येतो आणि वर्गात हे फार उपयोगी पडतं, कारण चाळीस मुलांना एकच पॅरामेशियम एका वेळी दाखवता येतो. पण हल्लीच्या दोन-तीन कॅमेऱ्यांच्या फोनमध्ये वस्तू जवळ आली की फोन आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि पडदा काळा होतो. जवळच्या चित्रणाची आपोआप चालणारी सोय बंद करा, मुख्य कॅमेरा १ पटीवर ठेवा, कडी त्याच कॅमेऱ्याभोवती चिकटवा आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व उजेड पक्का करा.

यंत्राचं खरं मोल कळायला चांगलं पाणी हवं. डबक्यातला थेंब थेट घेतला तर दहापैकी बऱ्याच वेळा मातीच दिसते. त्यापेक्षा पेंढ्याचं पाणी करावं. भाताचा पेंढा किंवा वाळकं गवत ५ ग्रॅम, बारीक कापून, अर्धा लिटर पाण्यात १० मिनिटं उकळा. नळाचं पाणी असेल तर आदल्या दिवशी उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. उकळलेलं पाणी गार करून एक दिवस उघडं ठेवा, मग त्यात तळ्याचं २०-३० मिलिलिटर पाणी घाला, ते तळाच्या कुजक्या पानांजवळून घेतलेलं असावं. बरणीवर फडकं बांधून ती सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत पाणी गढुळतं आणि वर पातळ साय धरते. ते जिवाणू. एकेक दिसत नाहीत, पण त्यांची गर्दी नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्यांच्यावर जगणारे बारीक कशाभिकाधारी (कशाभिका म्हणजे चाबकासारखा धागा, त्याने पोहणारे) पुढच्या एक-दोन दिवसांत येतात, आणि पॅरामेशियम साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी, सायीच्या लगेच खाली. पेंढा जास्त पडला तर जिवाणू प्राणवायू संपवून टाकतात, पाण्याला सडका वास येतो आणि पॅरामेशियम टिकत नाही. तसं झालं तर निम्मं पाणी काढून तितकंच क्लोरीन गेलेलं पाणी घाला.

पॅरामेशियम इतका जोरात पळतो की पट्टी सरकवेपर्यंत निसटतो. थेंबात कापसाचे चार-पाच तंतू पिंजून टाका, तो त्यांच्या जाळीत अडकून जागच्या जागी वळवळतो. मग अंगाच्या दोन टोकांना जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पिशव्या, म्हणजे संकोची रिक्तिका, फुगताना आणि गपकन मिटताना दिसतात. खाणं पाहायचं असेल तर यीस्ट काँगो रेड या रंगाबरोबर उकळून, गार करून, त्याचा कणभर द्यावा. पोटातल्या अन्नाच्या पिशव्या, म्हणजे अन्नरिक्तिका, आधी लाल दिसतात आणि आत आम्ल वाढलं की निळसर होतात. एका पेशीच्या पोटातलं पचन मुलांना डोळ्यांसमोर दाखवणारा याहून चांगला प्रयोग शाळेत होत नाही. थेंब दहा मिनिटांत सुकू लागतो, म्हणून आच्छादक काचेच्या कडांना व्हॅसलिनची बारीक रेघ ओढा.

व्हॉर्टिसेला पाणवनस्पतींच्या मुळांवर सापडतो आणि धक्का लागला की त्याचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो. युग्लिना हिरव्या पडलेल्या, शेण मिसळलेल्या डबक्यात मिळते. तिचा लाल नेत्रबिंदू ठिपक्याएवढा दिसतो, कशाभिका दिसत नाही. अमीबा पुस्तकात पहिल्या पानावर असला तरी मिळायला सगळ्यात अवघड. तो तळाशी असतो, संथ असतो आणि भरपूर उजेडात पारदर्शक होऊन हरवतो. पट्टी पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेड कमी करा, नाहीतर पूर्ण तास वाया जातो.

नवख्यांना फसवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. जाड काळ्या कडेचं गरगरीत वर्तुळ म्हणजे हवेचा बुडबुडा, पेशी नव्हे. आच्छादक काच एका कडेने टेकवून ४५ अंशांत हळू खाली सोडली की बुडबुडे कमी होतात. दुसरं, जागच्या जागी थरथरणारे बारीक कण जिवंत असतीलच असं नाही, पाण्याचे रेणू आदळल्यानेही ते हलतात. वाट कापत दूर जाणारा आणि वळणारा तोच पोहणारा जीव.

वाळवीच्या आतड्यातले आदिजीव पाहायचा प्रयोग अनेकांचा फसतो, कारण वाळवी चुकीची घेतली जाते. आपल्याकडे वारूळ करणारी, बुरशीची शेती करणारी वाळवी असते. तिच्या आतड्यात ते मोठे कशाभिकाधारी नसतात. लाकडी सामानातून बारीक दाण्यांसारखी सहा कंगोऱ्यांची विष्ठा पाडणारी कोरड्या लाकडाची वाळवी हवी. तिच्यातल्या कामकऱ्यांची कामं करणाऱ्या पिल्लाचं आतडं ०.६ टक्के मिठाच्या पाण्यात उघडलं की थेंबभर प्राणी उसळतात. झटपट पाहा, हवा लागली की ते मरू लागतात.

जिवाणू अजिबात दिसत नाहीत असंही नाही. नीलहरित शैवाल म्हणतो ते खरं तर जिवाणूच, आणि त्यांच्या कित्येक जाती पुरेशा मोठ्या असतात. ओल्या कुंडीच्या बुडाशी चिकटलेला काळपट-हिरवा बुळबुळीत थर चिमटीने घ्या, त्यात ऑसिलेटोरियाचे डुलणारे दोरे मिळतील. त्याहून सुरेख नमुना म्हणजे गुरांच्या खाद्यासाठी वाढवतात तो अझोला. त्याचं एक पान पाण्याच्या थेंबात ठेवून आच्छादक काच अंगठ्याने दाबा. पानाच्या पोकळीतून ॲनाबिनाच्या मण्यांच्या माळा बाहेर येतात. माळेत मधूनच दिसणारा थोडा मोठा, फिकट मणी हवेतला नायट्रोजन बांधणारी पेशी असते. मोनेरा सृष्टी शिकवताना इथूनच सुरुवात करावी.

आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांच्या बाबतीत मात्र कुठल्याच साध्या सूक्ष्मदर्शकाकडून आशा ठेवू नये. आकाराने ते जिवाणूंसारखेच दिसतात. १९७७ साली कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांना वेगळं काढलं ते रायबोसोममधल्या आरएनएच्या क्रमावरून. पेशीभित्तिकेत जिवाणूंसारखं पेप्टिडोग्लायकन हे द्रव्य नसणं आणि पटलातल्या मेदाची जोडणी वेगळी असणं, हे फरकही रासायनिक आहेत, भिंगातून दिसणारे नाहीत. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन करणारे आर्कियाच असतात, पण शेणकाल्याच्या थेंबात ते ओळखता येत नाहीत. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं ते खारप्रिय आर्कियांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं. लोणार अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय पाणी आणू नये. मिठागराच्या गुलाबी वाफ्यातलं पाणी मालकाला विचारून घेता येतं. फोल्डस्कोपखाली त्यात ड्युनालिएला हे १० मायक्रॉनच्या आसपासचं शैवाल टिपक्यांसारखं पळताना दिसेल, आणि आर्किया म्हणून फार तर एक पुसट धूसरपणा. ड्युनालिएलाही लाल होतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून ‘आर्किया सापडले’ असं वहीत लिहू देऊ नका.

विषाणूंचं उत्तर सरळ आहे: दिसत नाहीत. बहुतेक २० ते ३०० नॅनोमीटरचे (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन), आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर. अपवाद महाविषाणूंचा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कूलिंग टॉवरमध्ये १९९२ साली अमीबात सापडलेला मिमिव्हायरस प्रयोगशाळेतल्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात दिसत होता, म्हणूनच २००३ पर्यंत तो जिवाणू समजला गेला. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मुंबईच्या पाण्यातूनही असे विषाणू वेगळे केले आहेत, त्यांच्या नावांत पवई, कुर्ला आणि वांद्रे आहेत. तेही फोल्डस्कोपच्या आवाक्याबाहेरच. शाळेसाठी चांगला पर्याय म्हणजे भेंडीवरचा केवडा रोग. शिरा पिवळ्या पडलेलं पान आणा. विषाणू दिसणार नाही, पण तो पसरवणारी पांढरी माशी आणि पानामागची तिची पिल्लं सुरेख दिसतात.

रोगनिदानासाठी हा संच वापरू नये. मलेरियाचा परजीवी आदिजीवच, पण ७-८ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीत बसलेली त्याची बारीक कडी पाहायला रंगवलेला पातळ लेप आणि तेलाचा थेंब लावून वापरायचं तेलभिंग लागतं, नेत्रभिंगासह एकूण १००० पटीचं. मुलांना रक्त, विष्ठा किंवा गटाराचं पाणी देऊ नका. ड्रॉपर तोंडाने ओढायचा नाही, आणि तास संपला की साबणाने हात.

तर खरेदी कशी करावी? आठवी-नववीच्या चाळीस मुलांच्या वर्गाला दोघांत एक याप्रमाणे वीस फोल्डस्कोप घ्यावेत आणि सोबत एकच चांगला संयुक्त सूक्ष्मदर्शक. वीसऐवजी दोन-तीन स्वस्त संयुक्त सूक्ष्मदर्शक घेतले तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला मिनिटभर येतं, आणि शोधायला शिकणं राहून जातं. ‘१२०० पट’ लिहिलेले प्लॅस्टिकचे खेळणीवजा सूक्ष्मदर्शक घेऊच नका. त्यात चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही.

अकरावी-बारावीला आणि महाविद्यालयाला ग्रॅम रंजन, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखणं, करायचं असतं, तिथे फोल्डस्कोपचा उपयोग नाही. संयुक्त सूक्ष्मदर्शक घेताना १०० पटीचं, १.२५ न्यूमरिकल ॲपर्चरचं (भिंग किती बारीक तपशील दाखवेल त्याचं माप) तेलभिंग, खालीवर होणारा ॲबे कंडेन्सर (पट्टीखाली उजेड एकवटणारं भिंग) आणि आयरिस (उजेडाचं छिद्र लहानमोठं करणारी झडप) असल्याची खात्री करा. पैसे देण्याआधी दुकानातच दह्याच्या निवळीवर पारखा: निवळी एकास दहा पातळ करून पट्टीवर पसरा, वाळवा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा, मिथिलीन ब्लू एक मिनिट ठेवून धुवा. लेप जाड झाला तर दुधातली प्रथिनं निळी होऊन सगळं झाकतात. लेप पातळ असूनही तेलभिंगाखाली काड्या आणि मण्यांच्या साखळ्या वेगवेगळ्या दिसल्या नाहीत, तर ते यंत्र परत ठेवा.