बँकॉकमध्ये "आज पॅलेस बंद आहे" म्हणाले आणि आमचे साठ हजार गेले

पुढच्या महिन्यात आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतली दोन कुटुंबं थायलंडला चाललीयत. परवा लिफ्टमध्ये त्यातल्या वहिनी म्हणाल्या, बँकॉकला एकच दिवस आहे, पॅलेस बघू आणि तिकडे खडे स्वस्त मिळतात म्हणे तेही बघू, आणि माझ्या पोटात गोळाच आला. इतके दिवस घराबाहेर कोणाला बोलले नव्हते, पण आता सगळं लिहिते.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझी आई. फुकेतचे चार दिवस झाले आणि शेवटचा दिवस बँकॉक, रात्रीचं परतीचं विमान. बॅगा सुवर्णभूमी एअरपोर्टलाच ठेवल्या. तिथे समुद्रमंथनाचं मोठं शिल्प आहे, देव आणि दानव वासुकीला धरून ओढतायत, आई त्याच्यासमोर हात जोडून उभीच राहिली. तिला ग्रँड पॅलेसमधली रामायणाची चित्रं बघायची होती. तिथल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती जो ओवरीसारखा लांब मार्ग आहे ना त्याच्या भिंतींवर त्यांचं रामायण, म्हणजे रामकियेन, १७८ चित्रांत काढलंय, हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि ठाण्यात असल्यापासून तेच चाललं होतं. गुडघे दुखत असूनही ती आली ती त्यासाठीच.

एअरपोर्टहून रेल्वे, मग मक्कासनला उतरून मेट्रो, आणि सनाम चाय स्टेशन. इथपर्यंत सगळं छान. आता नीट वाचा, कारण फसवणूक इथूनच सुरू होते. स्टेशनवरून पॅलेसला चालत गेलं की आधी पॅलेसची मागची आणि बाजूची भिंत लागते. एकूण भिंत जवळजवळ १९०० मीटर आहे, तिला बरेच दरवाजे आहेत आणि त्यातले बहुतेक पर्यटकांसाठी नसतातच. आम्ही अशाच एका बंद दरवाज्यासमोर उभे होतो, दरवाजा बंद, माणूस कोणी नाही, साडेदहा वाजलेले. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड असलेले एक पन्नाशीचे गृहस्थ आले, अगदी अदबीने हात जोडून. म्हणाले, आज बुद्धाचा सण आहे, दुपारी एकपर्यंत आत फक्त प्रार्थना, टुरिस्टना एकनंतर. वर नवऱ्याच्या थ्री-फोर्थकडे बघून म्हणाले की हे कपडेही आत चालणार नाहीत. आता ही दुसरी गोष्ट खरी आहे, तिथे गुडघे आणि खांदे झाकलेलेच लागतात. एक गोष्ट खरी निघाली की दुसरीवर आपण संशय घेत नाही.

त्यांनी आमच्या नकाशावर पेनाने दोन-तीन देवळांवर गोल केले, आणि एक "एक्स्पोर्ट सेंटर", म्हणाले आज सरकारी योजनेचा शेवटचा दिवस आहे, बघायचं तर बघा नाहीतर सोडा. मग समोरून जाणाऱ्या टुकटुकला, म्हणजे तिथल्या रिक्षाला, हात केला, चाळीस बाथमध्ये सगळं फिरवून एकला परत सोडेल म्हणाले. तिघांचे मिळून चाळीस बाथ, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. एवढ्यात दोन-तीन तास कोण फिरवेल हा विचार आम्ही दोघांपैकी एकानेही केला नाही.

पहिलं देऊळ अगदी छोटं होतं, शांत, आत कोणी नाही. फक्त एक तरुण मुलगा बाकावर बसलेला. तो आपणहून बोलला, मी शिक्षक आहे, परवा हनिमूनला सिंगापूरला चाललोय, तुम्ही इंडियाचे का, नमस्ते वगैरे. आणि मग बोलता बोलता म्हणाला की मी आत्ताच नीलम घेतले, बाहेरच्या देशात दुप्पट भाव येतो, वर्षातून एकदाच असा भाव देतात. त्याने त्याच सेंटरचं नाव घेतलं. आम्ही त्याला काही विचारलं नव्हतं हो. मला त्या क्षणी वाटलं, दोन अनोळखी माणसं, एकमेकांना ओळखत नाहीत, तरी एकच सांगतायत, म्हणजे खरंच असणार.

आणि मला नीलमच हवा होता. माझ्या दादाची मेष रास, साडेसाती चालू, धंद्यात एकामागून एक अडचणी, गुरुजींनी सव्वापाच रत्तीचा नीलम मधल्या बोटात घालायला सांगितलेला आणि ठाण्यात किंमत ऐकून दादा गप्प बसला होता. हे मी त्या मुलाला सांगून बसले. पुढे टुकटुकवाल्याने त्या सेंटरच्या दुकानात नेल्यावर काउंटरवरच्या बाईंनी तिसऱ्या मिनिटाला "फॉर ब्रदर?" विचारलं. मी तेव्हा त्याला योगायोग समजले.

दुकान मोठं, एसी, पाणी, ज्यूस, आईला बसायला सोफा. टुकटुकवाला म्हणाला, दहा मिनिटं नुसतं बघून या, मला पेट्रोलचं कूपन मिळतं. त्या बाईंनी खडा काचेवर ओढून ओरखडा दाखवला, मग पेनासारखा टेस्टर लावला, तो बरोब्बर नीलमच्या खुणेपर्यंत गेला. पावणेपाच कॅरेटच्या आसपासचा खडा, २४,००० बाथ, तेव्हाच्या भावाने आपले साठ हजारांच्या वर. नवऱ्याने कार्ड काढलं, पिन टाकला. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट मिळालं, ते दुकानाचंच होतं. बिलावर खाली बारीक अक्षरात नो रिफंड आणि त्याच्याखाली माझी सही.

त्यानंतर टुकटुकवाल्याने अजून एका, शिंप्याच्या दुकानात नेलं, तिथे आम्ही काही घेतलं नाही तर त्याचा चेहराच बदलला, आणि कुठल्यातरी रस्त्याला सोडून निघून गेला. ट्रॅफिकमधून दुसरी टॅक्सी करून पॅलेसच्या खऱ्या गेटला पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. तिकिटं साडेतीनला बंद होतात. तिथे लोकांची ही गर्दी बाहेर पडत होती, हातात तिकिटं, आणि गेटजवळ चक्क लिहिलेलं की पॅलेस रोज उघडा असतो, अनोळखी लोकांवर विश्वास ठेवू नका. आई काही बोलली नाही. नुसतं भिंतीच्या वरून दिसणाऱ्या सोनेरी कळसाकडे बघत राहिली.

मग जवळच्या वाट फो नावाच्या देवळात नेलं तिला. ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं. तिथे ती जरा हसली.

ठाण्यात आल्यावर आठवड्याने गोखले रोडच्या आमच्या ओळखीच्या सराफांकडे अंगठी करायला गेले. त्यांनी भिंगाखाली धरला, खूप वेळ बघितला, आणि म्हणाले, ताई, आधी लॅबला पाठवूया. रिपोर्ट आला, सिंथेटिक सफायर. मी म्हटलं पण काचेवर ओरखडा उठला होता, टेस्टरही चालला होता. ते म्हणाले, चालणारच. ही काच नाही, खऱ्या नीलमसारखंच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आहे, तेवढंच कठीण, फक्त भट्टीत बनवलेलं. व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसाने १९०२ मध्ये ही पद्धत जाहीर केली, तेव्हापासून असे खडे ढिगाने बनतात. त्यांनी मला भिंगातून दाखवलं, आत वाकड्या, कमानीसारख्या रेषा आणि एक बारीक बुडबुडा. जमिनीतल्या नीलमात रेषा सरळ किंवा कोनात असतात. किंमत काही शे रुपये म्हणाले.

बँकेत तक्रार केली, लॅबचा रिपोर्ट जोडला. पिन टाकून केलेला व्यवहार, बिलावर फक्त ब्लू सफायर लिहिलंय, नॅचरल हा शब्दच नाही, आणि सही आहे, म्हणून नाही म्हणाले. आम्ही तिथेच असताना कळलं असतं तर ११५५ ला फोन केला असता, तो टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे, चोवीस तास चालतो. खडा घ्यायचाच असेल तर बँकॉकमध्येच जीआयटी नावाची रत्नं तपासणारी संस्था आहे, दुकानदाराला म्हणा आधी तिथे तपासू, मग पैसे. तो तयार नसेल तर उठा.

काल वहिनींना कागदावर काढून दिलं. सनाम चायला उतरा, पॅलेसची भिंत धरून चालत राहा, वाटेत कितीही दरवाजे बंद दिसले तरी थांबू नका, कोण काय सांगेल ते ऐकू नका, उत्तरेकडे ना फ्रा लान रस्त्यावरच्या मोठ्या गेटपर्यंत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. साडेआठला उघडतं, तिकीट ५०० बाथ. राजघराण्याचा काही कार्यक्रम असला तर कधीतरी खरंच बंद ठेवतात, पण ते त्यांच्या वेबसाइटवर येतं, आदल्या रात्री बघून ठेवा.

आई आतल्या खोलीतून ऐकत होती. बाहेर येऊन वहिनींना म्हणाली, पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत म्हणे, पण बाहेर रामायणाच्या चित्रांचे काढू देतात, तेवढे माझ्यासाठी काढून आणाल का.