१४ फुटीचा एक्स्चेंज : दसऱ्याच्या ऑफरला गेलो आणि जुनीच गाडी घेऊन परत आलो

शोरूमचं नाव लिहीत नाही. माझ्या मालट्रकचे सेन्सर आणि फिल्टर तिथंच मिळतात, आणि जानेवारीत पासिंगच्या (आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या) आधी गाडी तिथंच न्यायची आहे. हे वाचून त्यांनी गाडी चार दिवस कोपऱ्यात उभी करून ठेवली तर मी कुणाकडं जाऊ? हायवेला लागून आहे, काचा मोठ्या आहेत, एवढं पुरे.

गाडी १४ फुटी हौद्याची, सहा चाकी, बीएस फोर (धुराच्या जुन्या नियमाची), एमएच १३ म्हणजे सोलापूरची, जानेवारी २०१८ ची. ४ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. मालक मीच, ड्रायव्हर मीच, आणि क्लीनर सोडून गेल्यापासून ताडपत्री पण मीच बांधतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेल-चादरीच्या गाठी भरायच्या, पुण्याला टाकायच्या, येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. किराणा, पुठ्ठा, एकदा तर नुसत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. महिन्याला दहा खेपा, म्हणजे साधारण पाच हजार किलोमीटर.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी सीना नदीला पूर आला आणि लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला. गाडी दारात, मी खाटेवर, हातात मोबाईल. तेव्हा ही ऑफर दिसली. २२ सप्टेंबरला घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून मालाच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. शोरूमचं चित्र तयारच : जुनी द्या, नवी न्या, २ लाखांपर्यंत फायदा. वर झेंडूचं तोरण.

मनात आधीपासून होतंच. गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग दोन वर्षांनी नाही, दरवर्षी करावं लागतं. पर्यावरण कर सुरू होतो तो वेगळा. शिवाय डावीकडचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेत, भरल्यावर गाडी एका बाजूला लंगडते. मेव्हण्याला घेतलं आणि गेलो.

सेल्सचा पोरगा चांगला होता, आधीच सांगतो. पाणी, चहा, "बसा की मालक", सगळं व्यवस्थित. खोटं एकही बोलला नाही. पण विचारल्याशिवाय खरंही फारसं बोलला नाही, आणि त्यावरच हा सगळा लेख आहे.

मी म्हटलं, हे दोन लाख फोडून सांग. त्यानं कागदावर लिहिलं. गाडीची मूळ किंमत साडेबारा लाख. २८ टक्क्यांनी ती १६ लाखांना पडायची, आता १८ टक्क्यांनी पावणेपंधरा लाख. सव्वा लाख तिथंच झाले. उरलेल्या ७५ हजारांत ४० हजार एक्स्चेंज बोनस, २५ हजार रोख सूट, आणि १० हजारांत सीट कव्हर, मॅट, फॅन्सी हॉर्न असलं काहीतरी.

म्हणजे दोन लाखांतले सव्वा लाख शोरूमचे नव्हतेच. ती सरकारची सूट. ती दसऱ्यालाही आहे, दिवाळीनंतरही राहणार. "ऑफर फक्त दसऱ्यापर्यंत" हे वाक्य खरं होतं ते उरलेल्या ७५ हजारांपुरतं. (ज्यांना इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी पुढच्या करात वळता होतो, त्या मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना २८ काय नि १८ काय, पैसे थोडे दिवस अडकतात एवढंच. माझ्यासारख्याला मात्र ही सूट खरोखर खिशात पडते. ती मी नाकारत नाही.)

मग जुन्या गाडीचं व्हॅल्यूएशन. एक पोरगा मोबाईल घेऊन आला. वीसेक फोटो काढले. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं, धूर किती येतो ते बघितलं. हौद्याच्या पत्र्यावर टाचेनं दोनदा मारलं, टायरमध्ये नख घातलं, पाट्यांकडं बघून "हं" म्हणाला. दहा मिनिटांत आकडा : ४ लाख १० हजार. बोनस धरून साडेचार.

ऑगस्टमध्ये याच गाडीला एकजण सव्वापाच लाख बोलले होते. मी तसं म्हटल्यावर पोरगा म्हणाला, "मालक, तेव्हा नवी १६ लाखांची होती." यावर मला उत्तर नव्हतं, कारण त्याचं बरोबर होतं. नवी सव्वा लाखानं उतरली की जुनीला कोण तोच भाव देईल? जीएसटी कमी झाल्याचा आनंद नवी घेणाऱ्याला. जुनी देऊन नवी घेणाऱ्याला त्यातला अर्धा जुनीच्या भावातनं परत करावा लागतो. हे कुठल्या पोस्टरवर नसतं.

दुसऱ्या दिवशी एकटाच एका खरेदी-विक्रीवाल्याकडं गेलो. तिथं खुर्चीवर कोण? तोच नख घालणारा पोरगा. शोरूमचा माणूस नव्हताच तो, ह्यांचाच होता. शोरूम एक्स्चेंजच्या गाड्या ह्यांना देतं आणि भावही ह्यांच्याकडनंच घेतं. मला बघून हसला. "काय ओ मालक, गाडी काढलालाव म्हणं?" म्हटलं, काल तूच बघितलास की. शेटजींनी दहा मिनिटं इकडचं तिकडचं केलं आणि पावणेपाच लाख बोलले. रोख. बोनस-बिनस काही नाही.

आता हिशेब बघा. शोरूमकडनं साडेचार, तेही ४० हजारांचा बोनस मिळवून. त्याच माणसाकडनं थेट पावणेपाच. मला जो बोनस मिळणार होता तो माझ्याच गाडीच्या भावातनं कापून, वर २५ हजार ठेवून, मला हार घालून परत देणार होते. म्हणून एक्स्चेंजला जाणाऱ्यांना एकच सांगणं : जुनी गाडी आहे हे पहिल्यांदा बोलूच नका. नव्या गाडीचा रोखीचा शेवटचा भाव कागदावर घ्या, सही-शिक्क्यासकट. मग जुनीचं बोला. दोन्ही आकडे एकाच कागदावर एकत्र आले की माणूस गोंधळतो, मी पण गोंधळलो होतो.

कागदपत्रांचं आता जरा लांबण लावतो, कारण इथंच माझं मन फिरलं.

माझे हप्ते २०२३ च्या सुरुवातीला संपले. पाच वर्षांचं कर्ज होतं. फायनान्सवाल्यानं एनओसी दिली, मी ती देवाच्या फोटोमागं ठेवली आणि विसरलो. हप्ते संपले म्हणजे गाडी आपली झाली असं आपल्याला वाटतं. आरसीला वाटत नाही. तिच्यावर अजून एचपी, म्हणजे कर्जाच्या बोजाची नोंद, चढलेलीच होती. ती उतरवायला फॉर्म ३५ वर फायनान्सवाल्याची सही लागते, आणि जुनी एनओसी चालत नाही म्हणाले, नवीन आणा. चूक माझीच. पण ह्या निमित्तानं एचपी उतरवून घेतली, ऑफरचा तेवढा फायदा मान्य करतो. तुमची आरसी आज काढून बघा.

दुसरं, ट्रान्सफर. शोरूमच्या ऑफिसात मॅनेजरनं फॉर्म २९ आणि ३० पुढं सरकवले. खरेदीदाराचं नाव कोरं, तारीख कोरी. "सही करा, बाकीचं आमचं एजंट बघतंय." मेव्हण्यानं माझा हात धरला. त्यानं चार वर्षांपूर्वी पिकअप अशाच कोऱ्या फॉर्मवर विकली होती. गाडी कुठं गेली माहीत नाही, नावावर मात्र तोच राहिला. पुढं त्या पिकअपनं कुणाला तरी उडवलं आणि अपघात दाव्याची नोटीस ह्याच्या दारात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. मधे गाडी किती हात फिरली ते बघितलं जात नाही. मेव्हणा अजून तारखांना जातो.

ह्यावर उपाय कायद्यात आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं आरटीओकडं अधिकृत डीलर म्हणून नोंद करायची असते. अशा डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी भरून आरटीओला कळवायचं, तिथून पुढं जबाबदारी डीलरची. मी मॅनेजरला विचारलं, २९सी भरून पोच देता का? तो म्हणाला, "आपल्याकडं तसं काय नसतंय मालक. इतकी वर्षं झाली, कुणाची तक्रार नाही." तक्रार असलेला माणूस माझ्या शेजारीच बसला होता.

इथं शोरूमला मी शून्य देतो.

गाडीचं मात्र सांगायला हवं, कारण गाडी आवडली. टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची दिली, त्यानं कळतं काय? मी आग्रह धरल्यावर डेमोच्या गाडीत वाळूची पोती टाकून दिली, ह्याबद्दल त्या पोराला पूर्ण मार्क. क्लच लोण्यासारखा. स्टेअरिंग हलकं. आरसे मोठे. बीएस सिक्समध्ये सेन्सर जास्त, धुराच्या जाळीचं वेगळं पथ्य, आमचा बोरामणी नाक्याचा मिस्त्री त्याला हात लावत नाही. "लॅपटॉपवाल्याकडं न्या," म्हणतो. म्हणजे बंद पडली की परत ह्याच काचांच्या दारात.

आणि मग मी तारीख विचारली. ही गाडी बनली कधी? पोरगा जरा थांबला, कागद बघून म्हणाला, जुलै. बरं. साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या प्रत्येक गाडीत एसी केबिन सक्तीची आहे. माझ्या जातीची गाडी त्यात येते. समोरची ऑफरची गाडी एसीची नव्हती. रोख २५ हजार सूट का, ते तेव्हा कळलं. जुना माल दसऱ्यात हलवायचा होता.

बिनएसीची घेऊ नये असं मी म्हणत नाही. आठ वर्षं मी बिनएसीचीच चालवतोय. पण सोलापूरचा मे ज्यानं इंजिनाच्या शेजारी बसून काढलाय त्याला विचारा. बाहेर ४३, आत किती ते मोजायची हिंमत नाही. टेंभुर्णीपर्यंत येईस्तोवर बनियन पिळून निघतं. चार वर्षांनी मी ही विकायला काढीन तेव्हा शेजारी एसीवाली उभी असेल. माझीला भाव कोण देईल?

राहिला हप्ता. इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग धरून ऑन रोड १५ लाख ९० हजार. इन्शुरन्सच्या कोटेशनमध्ये माझा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) धरलाच नव्हता. जुनी विकली तरी तो बोनस आपल्यासोबत नव्या गाडीला येतो, इन्शुरन्सवाल्याकडनं पत्र घ्यायचं असतं. असो. जुनीचे साडेचार वजा केले तर ११ लाख ४० हजारांचं कर्ज. साडेदहा टक्क्यांनी, ४८ महिने, हप्ता २९ हजार २०० च्या आसपास.

माझी वही काढली. गेल्या वर्षी गाडीवर १ लाख ३८ हजार घातले : दोन नवे टायर, चार रिमोल्ड, क्लच प्लेट, बॅटरी, सेल्फ. महिन्याला साडेअकरा हजार. नवीला चार हजार धरले तर साडेसात वाचतात. डिझेल : जुनी लिटरला आठ देते. नवी दहा देईल म्हणाले, मी नऊ धरतो, कारण दहा देणारी गाडी फक्त शोरूममध्ये असते. ९१ रुपयांनी महिन्याला सहा हजार तीनशे वाचतील. एकूण तेरा हजार आठशे. हप्त्याला पंधरा हजार चारशे कमी. डिझेल, टोल, वाराई (हमाली), जेवण जाऊन पुण्याच्या खेपेला मला चार हजार उरतात. म्हणजे दहाच्या जागी चौदा खेपा. गाडी चौदा मारील, मी पण मारीन, पण चौदा खेपांचा माल कुठाय? कारखानदार शेट स्वतः आठवड्यातनं दोन दिवस माग बंद ठेवतात.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मग पाटे तरी बदला आधी. वाकडी गाडी घेऊन दारात येता ते बरं दिसत नाही."

पाटे बदलले. कमानीसकट १६ हजार. खंडेनवमीला जुनीलाच हार घातला, लिंबू बांधलं, बोनेटवर कुंकू.

शोरूमचं तात्पर्य विचारणाऱ्यांसाठी एवढंच : नवी रोखीनं घ्यायची असेल तर जा, पोरगा सरळ आहे, फक्त बनल्याची तारीख आणि नो क्लेम तुम्ही स्वतः विचारा. सर्व्हिसिंगही ठीक. एक्स्चेंजला मात्र, २९सी ची पोच मिळत नाही तोवर, मी जाणार नाही.

कोजागिरीनंतर सेल्सच्या पोराचा फोन आला. "मालक, एसीवाली आली. बघून तरी जावा." किती जास्त, विचारलं. म्हणाला, आकडा फोनवर नाही, चहाला या. मार्चअखेर त्यांना टार्गेट असतं हे मला माहीत आहे. तेव्हा जाईन चहाला.