ब्युरोला दोन तारे, मावशींना पाच

घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या ऑफिसातून गेल्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, आमच्या सर्व्हिसबद्दल चार ओळी लिहा ना." लिहिते, पण चार ओळींत भागणार नाही. नाव टाकत नाही. मुलुंड-ठाण्यातले तीन ब्युरो मी आठ महिन्यांत पालथे घातलेत आणि कारभार सगळ्यांचा उन्नीस-बीस.

आप्पा 76 वर्षांचे, मध्य रेल्वेचे रिटायर्ड मोटरमन. दिवाळीत आकाशकंदील लावायला स्टुलावर चढले आणि पडले. स्टेंट असल्यामुळे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालूच होत्या. हॉस्पिटलात नेईपर्यंत कोमा स्केल 7 वर (शुद्धीतला माणूस 15, सगळ्यात खालचा आकडा 3). म्हातारपणी मेंदू आक्रसतो, कवटीकडे जाणाऱ्या शिरा ताणलेल्या राहतात आणि एवढ्याशा पडण्यानेही तुटतात, असं डॉक्टरांनी समजावलं. साकळलेलं रक्त काढलं. सूज चढणार म्हणून उजवीकडचं कवटीचं हाड परत बसवलं नाही, ते पोटाच्या कातडीखाली ठेवून दिलं. "वाचले तरी पूर्वीसारखे होतील असं आत्ताच धरू नका, वय आडवं येतं," हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

26 दिवसांनी घरी आणलं तेव्हा गळ्यात ट्रॅकी (श्वासासाठी बसवलेली नळी), नाकात जेवणाची नळी, खाली लघवीसाठी कॅथेटर. डिस्चार्जच्या कागदावर त्याच कोमा स्केलचा स्कोअर होता "ई 4, व्हीटी, एम 6" (ई म्हणजे डोळे, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल). गळ्यात नळी असल्याने बोलणं तपासता येत नाही, म्हणून तिथे आकड्याऐवजी टी लिहितात. आईने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "हे बघ, व्हीटी लिहिलंय." म्हणजे आताचं सीएसएमटी स्टेशन. त्या महिन्यात आम्ही तेवढंच हसलो.

आता ब्युरो. फोनवर म्हणाले "ट्रेन्ड स्टाफ, सगळं येतं". बारा तासांचे 900 रुपये, एका महिन्याचं डिपॉझिट आधी. रात्रपाळीला पोरगा आला. त्याने पहिल्याच रात्री पोटावर हात ठेवून विचारलं, "ताई, ही गाठ कसली?" म्हणजे पेशंटबद्दल त्याला कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. उजव्या कुशीवर वळवायचं नाही, तिथे कातडीखाली हाड नाही, थेट मेंदू आहे, हे मी कार्डबोर्डवर मार्करने लिहून पलंगाला बांधलं. ब्युरोच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं "हेड इंजुरी, मेल, 70 प्लस". बस.

सहाव्या रात्री मी दोनला पाणी प्यायला उठले. आप्पा सपाट आडवे, आणि हा नळीतून 200 मिली फीड सोडतोय, दुसऱ्या हातात मोबाइल. आप्पांचा उजवा हात ओढणीने कठड्याला बांधलेला. "नळी खेचतात ताई." खेचत होते, खरं आहे. रात्री त्यांना ड्यूटी आठवायची, उठून बसायला बघायचे. पण फीड देताना डोकं वर हवंच, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं, नाहीतर पोटातलं छातीत उतरतं. तिसऱ्या दिवशी ताप, न्यूमोनिया, पुन्हा नऊ दिवस हॉस्पिटल. ब्युरोचं उत्तर: "रिप्लेसमेंट देतो ना मॅडम." जणू मिक्सरचं भांडंच बदलून देतायत.

रिप्लेसमेंट म्हणून ज्या आल्या त्या दिवसपाळीच्या मावशी. कळव्याहून यायच्या, 7.50 ला दारात. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या: हाड कुठल्या बाजूचं काढलंय, फिटची गोळी किती वाजता, आणि बाबांना हाक काय मारता. सक्शन करताना, म्हणजे गळ्यातल्या नळीतून कफ ओढून काढताना, मनात दहा मोजायच्या आणि सक्शनची नळी बाहेर काढायच्याच, मग कफ राहिलेला असला तरी. थोडं थांबून पुन्हा. दर दोन तासांनी कूस, एकदा पाठीवर, एकदा डावीकडे. त्या होत्या तोवर एकही बेडसोअर नाही. यात भाड्याच्या एअर मॅट्रेसला अर्धं श्रेय, दुकानदार भला माणूस, पंप बिघडला तेव्हा तासाभरात दुसरा दिला.

जानेवारीत एके सकाळी मावशी म्हणाल्या, "ताई, बाबा आज वेगळेच झोपलेत." मला काहीच वेगळं दिसेना. म्हातारा माणूस, एवढं मोठं ऑपरेशन, झोपणारच की. त्या ऐकेनात. रक्त तपासलं तर सोडियम 121, जे 135 च्या खाली जाऊ नये. डोक्याच्या दुखापतीनंतर ते असं उतरतं आणि माणूस गुंगीत जातो, हे मला नंतर कळलं. आम्ही "आज जरा थकलेत" म्हणून संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती.

फिजिओथेरपीच्या मॅडम वेगळ्या, ब्युरोच्या नव्हेत. आप्पांची डावी बाजू लुळी, शिवाय डावीकडचं जगच त्यांच्या हिशेबातून गेलेलं, डावीकडे उभं राहिलं तर वळून बघायचे नाहीत. मॅडमनी आईची खुर्ची मुद्दाम डावीकडे हलवली. डाव्या हातात स्पंजचा बॉल दिला, आठवडाभर बोटं हलेनात. मग आई म्हणाली, "अहो, हँडल सोडलंत, गाडी उभी राहिली." लोकलमध्ये मोटरमनने ते हँडल दाबून धरायचं असतं, हात सुटला की आपोआप ब्रेक लागतो. त्या दिवशी काही झालं नाही. पाचव्या दिवशी अंगठा बॉलमध्ये जरासा रुतला. मावशींनी बघितलं, मी नाही, मी कॉल सेंटरवाल्याशी मेडिक्लेमवरून भांडत होते.

ट्रॅकी फेब्रुवारीत निघाली. गिळायची तपासणी झाली तेव्हा कळलं की ठसका पेजेने नाही, पाण्याने आणि चहाने लागतो, पातळ पदार्थ घशात आवरत नाहीत. त्यामुळे सहा आठवडे चहा दाट करून, चमच्याने. आप्पांनी पहिलं पूर्ण वाक्य बोललं ते त्या चहाबद्दल होतं, इथे छापण्यासारखं नाही. मार्चमध्ये हाड परत बसवलं.

आज ते वॉकर घेऊन संडासापर्यंत जातात, सोबत माणूस लागतोच. वार विचारला की चुकतात. फास्ट लोकलचे थांबे विचारले तर कल्याण, डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, न अडखळता. चिडचिड खूप वाढलीय, आधी असे नव्हते. आई म्हणते होते.

ब्युरोला दोन तारे का, एक का नाही? कारण मावशी त्यांनीच पाठवल्या, चुकून का होईना. ब्युरो घ्यायचाच असेल तर माणूस पाठवायच्या आधी फोनवर त्याच्याशीच बोला, नळीतून फीड कसं देतो ते त्याच्याच तोंडून ऐका. आणि 900 मधले त्याच्या हातात किती पडतात तेही विचारा. मावशींना 600 मिळायचे. एप्रिलमध्ये आम्ही त्यांना थेट ठेवतो म्हटलं, तर ब्युरोने त्यांना दुसऱ्या दिवशी भांडुपला पाठवलं आणि आम्हाला करारातलं कलम वाचून दाखवलं.

डिपॉझिट सात दिवसांत परत देणार होते. आज 41 वा दिवस. परवा मी पुन्हा फोन केला, तर तेच विचारतायत, "रिव्ह्यू टाकला का मॅडम?"