बॅरिस्टर नाथ पै यांची लोकसभेतील भाषणे : संसदेच्या डिजिटल ग्रंथालयातील वाचन

१९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन निवडणुकांत राजापूरमधून निवडून गेलेल्या बॅरिस्टर नाथ पै यांची भाषणे मूळ कार्यवृत्तात वाचायची असतील, तर संसदेचे डिजिटल ग्रंथालय ही उत्तम आणि विनामूल्य सोय आहे. कार्यवृत्तात प्रत्येक वक्त्याचे नाव भाषणाच्या आरंभी येते आणि सभागृहात गदारोळ झाला की मध्येच ‘व्यवधान’ एवढीच नोंद दिसते. त्यामुळे वक्ता कुठे अडवला गेला आणि तरीही मुद्द्यावर कसा परतला, हे नेमके कळते. आवाजाची फेक मात्र कागदावर उतरत नाही, याला इलाज नाही.

सुरुवात करावी ती त्यांच्या १९६७ च्या घटनादुरुस्ती विधेयकापासून. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार नाकारल्यावर तो परत मिळवण्यासाठी त्यांनी ते खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, म्हणून मांडले. ते संमत झाले नाही. पण १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार प्रस्थापित केला, तेव्हा ते हयात नव्हते. विधेयकाच्या विरोधकांची बाजूही त्याच कार्यवृत्तात असल्याने ती वगळू नये.