अंकलिपी की अक्षरगट: पहिल्या वाचनासाठी काय निवडावे?

चार-पाच वर्षांच्या मुलाला मराठी वाचायला शिकवायचे ठरले की आमच्या जळगावकडच्या बहुतेक घरांत आधी अंकलिपी येते. दुसरा मार्ग अक्षरगटांचा: चार-पाच अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह एवढेच घ्यायचे, त्यांतून लगेच शब्द वाचायचे आणि मगच पुढच्या गटाकडे वळायचे. मुलीसाठी मी दोन्ही वापरून पाहिले.

अंकलिपीची बाजू लंगडी मुळीच नाही. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, आजी-आजोबांना तोंडपाठ असते, आणि वर्णमालेचा क्रम पक्का झाला की पुढे शब्दकोश चाळताना उपयोगी पडतो. पाठांतराची गोडी असलेली मुले तिच्यात रमतातही.

मला मात्र अक्षराला चिकटलेल्या चित्राने वैताग आणला. 'गवत' हा शब्द समोर ठेवला की 'गणपतीचा ग, वजनाचा व, तलवारीचा त' असे खणखणीत उत्तर यायचे. गवत काही उगवायचे नाही. अक्षर ओळखता येत होते, पण त्याचा सुटा आवाज हाती लागत नव्हता, आणि तो लागल्याशिवाय दोन अक्षरे जोडता येत नाहीत. 'ण' आणि 'ळ' यांनी मराठी शब्द सुरूच होत नसल्याने तिथे बाण आणि बाळ यांच्या शेवटाकडे बोट दाखवावे लागते, म्हणजे 'पहिला आवाज ऐक' हा आधीचा नियमच मोडतो. बाराखडीचेही तसेच: 'कु' विचारला की स्वारी 'क'पासून चाल धरून निघायची. 2009 नंतर 'ॲ' आणि 'ऑ' धरून तिची चौदाखडी झाली, त्यामुळे ती चाल आणखी लांबली आहे.

अक्षरगटात हा गुंता निदान आमच्या घरी तरी झाला नाही. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाना, कान, नाक, काम, लाल, कमान हे शब्द वाचता येतात, आणि घरातली माणसे कागदावर ओळखू आल्याचा आनंद मुलांना फार असतो. पहिली वेलांटी मात्र मी मुद्दाम उशिरा घेतली, कारण ती अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर, हे मुलांना चमत्कारिक वाटते.

या पद्धतीतली अडचण म्हणजे मोठ्यांना बसून चिठ्ठ्या कापाव्या लागतात, आणि न शिकवलेले अक्षर शब्दात येऊ नये म्हणून सतत जागरूक राहावे लागते. ज्यांना एवढी सवड नाही, त्यांनी अंकलिपी घेतली तर त्यांना दोष देता येणार नाही. फक्त चित्राचे नाव न घेता अक्षराचा आवाज तेवढा म्हणवून घ्यावा, असे सुचवेन. सवड असेल तर सुरुवात गटांनी करावी आणि अंकलिपी नंतर क्रमासाठी आणावी, असा माझा कल आहे.

घरात अहिराणी बोलली जात असेल तर गटांचा आणखी एक फायदा आहे. 'डोया' आणि 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला 'डोळा' आणि 'पाणी' वाचताना कानाची साथ मिळत नाही. गट आपणच ठरवत असल्याने 'ळ' आणि 'ण' शेवटी ठेवता येतात. तोवर मूल बाकीचे शब्द सहज वाचू लागलेले असते, आणि घरचा उच्चार चुकीचा न ठरवता पुस्तकातला वेगळा उच्चार त्याला दाखवता येतो.